सामान की शिल्प? : ग्वाल्हेर आणि इंदूर येथील दोन राजवाड्यांची कैफियत

मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन भाग पाडून कायदा मोकळा होतो. घर, जमीन, विहीर ही स्थावर. भांडीकुंडी, दागदागिने, गुरेढोरे आणि खुर्च्यामेजे ही जंगम. वाटणीच्या दाव्यात घरातील चीजवस्तूंची यादी न्यायालयापुढे येते, तेव्हा तीत 'खुर्च्या लाकडी, नग सहा' अशा थाटाची एखादी ओळ असावयाचीच, आणि त्या ओळीवरून दोन भावांत हमरीतुमरी झाल्याचे आम्ही आमच्या वकिलीत पाहिलेले नाही. माणूस ज्या वस्तूवर बसतो तिच्याकडे तो सहसा पाहत नाही. पण त्या सहा नगांपैकी एक नग शिल्प असेल तर? त्याची किंमत सागवानाच्या भावाने करावयाची की कारागिराच्या कल्पनेच्या भावाने? त्याला सामान म्हणावयाचे की कलाकृती? प्रश्न वरवर चमत्कारिक दिसतो खरा. परंतु त्याचे उत्तर वेळीच दिले न गेल्यामुळे एका मराठी राजघराण्याचे अपूर्व सामान देशोधडीस लागले, आणि दुसऱ्या एका घराण्याचे, निराळी वाट धरल्यामुळे, जागच्या जागी राहिले. त्या दोन वाड्यांची हकिकत वाचकांपुढे ठेवण्याचा येथे विचार आहे.

हा प्रश्न युरोपात धसाला लावला तो अतिवास्तववाद्यांनी. १९२४ साली पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँ याने या पंथाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. स्वप्नात ज्याप्रमाणे एकमेकांशी कसलेही नाते नसलेल्या वस्तू गुण्यागोविंदाने एकत्र नांदतात, त्याप्रमाणे त्या जागेपणीही नांदाव्यात, असा या मंडळींचा आग्रह. सवयीने आंधळी झालेली नजर उघडावयाची तर रोजच्या वापरातल्या वस्तूलाच हात घातला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. साल्वादोर दाली याने मे वेस्ट या अमेरिकन नटीच्या ओठांच्या घाटाचा लालभडक सोफा १९३८ च्या सुमारास एडवर्ड जेम्स या इंग्रज रसिकासाठी योजला. त्याच गृहस्थासाठी त्याने टेलिफोनच्या श्रवणयंत्रावर एक शेवंड आडवी निजविली. मेरेट ओपेनहाइम या कलावतीने १९३९ साली पॅरिसच्या एका प्रदर्शनात एक छोटे मेज मांडले. त्याचे पाय पक्ष्याचे होते, लांब, काटकुळे, नखे पसरलेले, आणि वरच्या फळीवर पक्षी चालून गेल्याच्या खुणा उमटविलेल्या होत्या. चहाचा पेला त्यावर ठेवता येतो. परंतु ठेवताना हात क्षणभर थबकतो, आणि ओपेनहाइमबाईंना तेवढाच क्षण हवा होता.

दाली महाशयांचा आपल्या देशाशीही एक व्यवहार झाला. १९६७ साली एअर इंडियाने त्यांच्याकडून एका रक्षापात्राचा नमुना करून घेतला. शिंपल्याच्या आकाराचे पात्र, कडेने वेटोळे घातलेला सर्प, आणि खाली आधाराला हत्ती व हंस. युक्ती अशी की हत्तीचे मस्तक उलटे धरले म्हणजे तो हंस दिसावा आणि हंस उलटा केला म्हणजे हत्ती. पात्रे फ्रान्समधल्या लिमोज येथील चिनी मातीत घडविली गेली व निवडक प्रवाशांना भेटीदाखल मिळाली. आता तीही संग्राहकांच्या कपाटात जाऊन बसली आहेत. मोबदला म्हणून चित्रकाराने पैसे मागितले नाहीत, हत्तीचे पिल्लू मागितले, आणि कंपनीने ते विमानातून युरोपात पोचते केले. १८७२ च्या करारविषयक कायद्यात मोबदला पुरेसा असलाच पाहिजे असे बंधन नाही. तो खरा असला म्हणजे झाले. पिल्लू खरे होते.

मात्र आसनाला प्राण्याचा देह देण्याची कल्पना आपल्याला पॅरिसहून आणावयास नको होती. 'सिंहासन' हा शब्दच तिची साक्ष देतो. राजा ज्यावर बसतो ते आसन आणि त्याला पेलणारा सिंह यांत आपल्या पूर्वजांनी भेद केला नाही. आमच्या कोंकणी वाचकांना तर घरचाच दाखला देता येईल. सतराव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज धन्यांच्या मागणीवरून अनेक खणांची जी भारी कपाटे घडविली गेली, त्यांच्या कित्येक नमुन्यांना साधे पाय नाहीत. कमरेपर्यंत स्त्री आणि खाली नागीण किंवा मासोळी अशा आकृती ते कपाट खांद्यावर तोलून उभ्या आहेत. मागणी ख्रिस्ती धन्याची, लाकूड इकडचे, आणि कोरणाऱ्याच्या मनातली नागकन्या देवळाच्या खांबावरून उतरून आलेली. ओपेनहाइमबाईंच्या पाखराच्या आधी सुमारे तीनशे वर्षे हे घडले. त्या सुतारांनी जाहीरनामा मात्र काढला नाही. भाषेतही हीच सरमिसळ दिसते : मराठीत 'खुर्ची' आली ती फारसी दरबारातून, आणि कोंकणीत 'कदेल' आली ती पोर्तुगीज बोलीतून. दोन्ही भाषांनी वस्तू आणि शब्द एकदमच घरात घेतले, कारण त्याआधी दोघींच्याही घरी माणसे जमिनीलगत बसत होती.

ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना हे सांगावयास नको. आम्ही राहतो ते हरिशंकरपुरम ही नव्या वळणाची वस्ती. येथे बैठकीच्या खोलीत सोफा आधी येतो व माणसे मागून. परंतु जवळच्या लष्करात, फाळके बाजारापासून महाराज बाड्यापर्यंत, जुन्या सरदारी वाड्यांची आठवण अजून पुसलेली नाही. लष्कर हे नाव नुसते नाव नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि राहुट्यांच्या जागी हळूहळू घरे उठली. शहराने नाव मात्र छावणीचेच ठेवले. छावणीत राहणाऱ्या माणसाचे सामान घोड्यावर, उंटावर चढले पाहिजे. जाजम, सतरंजी, लोड, तक्के, चौरंग, पाट. गुंडाळले की चालू लागावे. शिंद्यांच्या दरबारी थाटाचे मूळ या गुंडाळता येणाऱ्या बैठकीत होते, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढच्या साठसत्तर वर्षांतला पालट किती मोठा होता ते उमगते.

कारण १८७४ साली जयाजीराव शिंदे यांनी जयविलास राजवाडा उभा केला. नकाशा केला मायकेल फिलोज यांनी. मूळचे नेपल्सकडचे हे घराणे पिढ्यान्‌पिढ्या शिंद्यांच्या चाकरीत होते. निमित्त झाले युवराज एडवर्ड यांच्या १८७५-७६ च्या हिंदुस्थानच्या दौऱ्याचे. चारशेच्या आसपास दालने, आणि दरबारगृहात प्रत्येकी साडेतीन टन वजनाची दोन झुंबरे. छत हा भार सोसेल की नाही हे पाहण्यासाठी आधी हत्ती वर चढविले, अशी गोष्ट ग्वाल्हेरात लहान मूलही सांगते. छपरावर हत्ती आणि खाली काचेचे लोलक! दालीला हे दृश्य सुचते तर त्याने त्याचे चित्र काढले असते. जयाजीरावांच्या माणसांनी ते केवळ बांधकामाची परीक्षा म्हणून घडविले.

त्याच राजवाड्यात काचेचे सामान आहे : काचेचे कठडे लावलेला जिना, काचेची आसने. त्यांत आमचा जीव जडला आहे तो काचेच्या पाळण्यावर. गोकुळाष्टमीला बाळकृष्ण त्यात निजविण्याची घराण्याची रीत. घडण परदेशी, झोका देणारे हात मराठी. आणि सगळ्यांवर ताण म्हणजे भोजनाच्या मेजावरची चांदीची आगगाडी. लांबलचक मेजावर रूळ मांडलेले. त्यांवरून एक चिमुकले इंजिन डबे ओढीत पाहुण्यांसमोरून फिरते. डब्यांत मद्याच्या सुरया व चिरूट. डब्यांवर इंग्रजी लिपीत शिंदे घराण्याच्या नावाची एकेक अक्षरे. आणि पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबते. माधवराव शिंदे यांना यंत्रांचा, विशेषतः रेल्वेचा, नाद मोठा. संस्थानात अरुंद रुळांची रेल्वे वाढली ती त्यांच्या उत्साहाने. तीच हौस मेजावर चढली. यात विनोद आहे, वैभवाचे प्रदर्शन आहे, थोडा पोरकटपणाही आहे, हे आम्ही नाकारीत नाही. भोवतालची प्रजा काय खात होती हा प्रश्न त्या मेजाकडे पाहताना मनात यावयाचाच, आणि यावा. पण मेज आणि आगगाडी यांचा असा संकर पॅरिसमध्ये कोणी अतिवास्तववादी करता, तर त्यावर ग्रंथ निघाले असते.

आता ग्वाल्हेरहून इंदूरकडे वळू. या दोन राजधान्यांतली चुरस जुनी. १९४८ साली मध्य भारत संघ झाला तेव्हा ती मिटविण्यासाठी हिवाळ्याची राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळ्याची इंदूर अशी तोड काढावी लागली होती. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले व यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. हे यशवंतराव आमच्या कथेचे दुसरे नायक. जन्म १९०८ चा. वडील तुकोजीराव १९२६ साली गादीवरून दूर झाले, आणि यशवंतराव राजे झाले. पत्नी संयोगिताराणी कागलच्या घाटगे घराण्यातल्या, म्हणजे कोल्हापूरकडच्या. ऑक्सफर्डला असतानाच यशवंतरावांची एकार्ट मुथेसियुस या बर्लिनच्या तरुण स्थापत्यविशारदाशी गाठ पडली. राज्याची पूर्ण सूत्रे १९३० मध्ये हाती आली तेव्हा राजाचे वय बावीस आणि स्थपतीचे सव्वीस. दोघांनी मिळून इंदुरात माणिकबाग राजवाडा घडविला. १९३० ते १९३३ हा त्याचा काळ.

बाहेरून माणिकबाग साधीच. वाडा पाहण्यास जाणाऱ्याला बुरूज, घुमट, महिरपी यांची अपेक्षा असेल तर त्याचा हिरमोड व्हावा. सारे वैभव आत होते, आणि तेही सोन्याचे नव्हते. उन्हाळ्यात लाकूड तडकते, पावसाळ्यात फुगते आणि वाळवी बारा महिने. म्हणून धातू, काच आणि कृत्रिम चामडे यांवर भर. खुद्द मुथेसियुस यांनी लाल आरामखुर्च्या काढल्या, त्यांच्या पाठीतच वाचनाचे दिवे बसविलेले. लुई सोन्यो आणि शार्लोत अलिक्स या जोडीने धातूचे व काचेचे पलंग घडविले. एमिल-जाक रुलमान याच्याकडून अबनुसी लाकडाचे लिहिण्याचे मेज आले. आयलीन ग्रे या आयरिश कलावतीची ठेंगणी, जहाजाच्या फळीवरच्या आरामखुर्चीवरून सुचलेली खुर्ची आली. ल कॉर्बुझिये, पेरियाँ व जानरे यांची कलती शय्या आली. इव्हान दा सिल्वा ब्रून्स याचे गालिचे जमिनीवर पसरले. छावणीतल्या जाजमापासून येथवर मराठी राजवाड्याने केलेला प्रवास पाहिला म्हणजे माणूस चक्रावून जातो.

ही सारी मंडळी अतिवास्तववादी होती असे म्हणणे म्हणजे कागदोपत्री पुरावा नसता दावा लावणे. त्यांतले बहुतेक उपयुक्ततेचे कट्टर पुरस्कर्ते होते. स्वप्नापेक्षा पोलादी नळीवर त्यांचा विश्वास अधिक. पण यशवंतरावांचा वावर ज्या पॅरिसमध्ये होता तेथे या दोन पंथांच्या भिंती पातळ होत्या. मार्सेल द्यूशाँ याचे स्नेही आँरी-पिएर रोशे हे त्यांचे कलाव्यवहारातले सल्लागार, आणि त्यांची छायाचित्रे काढली ती मॅन रे याने, अतिवास्तववाद्यांच्या खास गोटातल्या छायाचित्रकाराने. ती छायाचित्रे आवर्जून पाहण्यासारखी आहेत. दरबारी पोशाख नाही, तलवार नाही, मागे पडदा नाही. एक तरुण नवराबायको एकमेकांना बिलगून हसत आहेत. हिंदुस्थानातल्या कोणत्याही राजदंपतीने कॅमेऱ्यापुढे इतका मोकळेपणा तोवर दाखविला असेल असे आम्हांस वाटत नाही. याच मॅन रे याने पुढे १९७१ साली, इटलीतील दिनो गाविना या सामाननिर्मात्यासाठी, एक प्रचंड डोळा काढला. पाडून ठेवला तर त्यावर बसता येते; उभा केला तर तो पाहणाऱ्याकडे टक लावून पाहतो. त्याचे नाव त्याने ठेवले 'साक्षीदार'. ओपेनहाइमबाईंचे पाखरपायांचे मेजही त्याच निर्मात्याने त्याच सुमारास पुन्हा घडवून बाजारात आणले. वकिलाला या नावाची गंमत वाटली तर नवल नाही : इतकी वर्षे आम्ही साक्षीदाराला पिंजऱ्यात उभा करीत आलो, त्यावर बसण्याची कल्पना सुचली नाही.

माणिकबागेच्या कथेत एक पक्षीही आहे, आणि तो आम्हांला थेट न्यायालयात नेतो. कॉन्स्टँटिन ब्रँकुसी या रुमानियन शिल्पकाराच्या 'अवकाशातील पक्षी' या मालिकेतली तीन शिल्पे यशवंतरावांनी घेतली. एक कांस्याचे, एक काळ्या व एक पांढऱ्या संगमरवराचे. या पक्ष्याला चोच नाही, पंख नाहीत. आहे ती फक्त वर झेपावणारी एक निमुळती रेषा. याच मालिकेतला दुसरा एक पक्षी १९२६ साली अमेरिकेच्या बंदरात उतरला तेव्हा तेथील जकात अधिकाऱ्यांनी त्याला शिल्प मानण्यास नकार दिला. कलाकृतीला जकात माफ होती. याला त्यांनी स्वयंपाकघरातील उपकरणे आणि रुग्णालयाचे साहित्य या सदरात घालून किमतीच्या ४० टक्के जकात आकारली. खटला झाला. यात पक्षी कोठे दिसतो, असा प्रश्न साक्षीदारांना विचारण्यात आला. १९२८ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने निकाल दिला : निसर्गाची नक्कल हीच कला ही व्याख्या आता जुनी झाली, वस्तू शिल्प आहे, जकात माफ. आमच्या मते कलेच्या इतिहासात कोणत्याही टीकाकाराने लिहिलेल्या पानांपेक्षा हे निकालपत्र अधिक मोलाचे आहे. त्यात न्यायमूर्तींनी आपल्याला ही वस्तू आवडली की नाही हा प्रश्न गौण मानला आणि ती कोणी, कशासाठी घडविली हे पाहिले.

हिंदुस्थानात असा खटला झाला नाही. १९४८ च्या करारनाम्याने राजांची खाजगी मालमत्ता त्यांच्याकडे राहू दिली आणि तिची यादी मागितली. पण यादी मागितली ती स्थावर मिळकतीची, रोख्यांची आणि रोख शिलकेची. खुर्च्या, पलंग, पाळणे, मेजे यांचा तीत समावेश नव्हता. त्या काळी त्यांत कोणाला वावगे वाटले नसेल. संस्थानांचा संसार मोडताना कोण दिवे लावलेल्या खुर्च्या मोजीत बसणार? शिंदे व होळकर हे दोघेही राजे १९६१ साली, एकाच वर्षी, निवर्तले. ग्वाल्हेरात १९६४ साली जयविलासाच्या एका भागात जिवाजीरावांच्या नावाने संग्रहालय उघडले. उद्‌घाटन केले राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी. पाळणा, झुंबरे, आगगाडी तेथेच राहिली, आणि शाळेतली मुले रांगेने ती पाहून जाऊ लागली. इंदुरात तसे घडले नाही. १९७१ साली तनखे बंद झाले, मोठे वाडे सांभाळणे अवघड होत गेले; माणिकबागेची इमारत सरकारकडे गेली आणि तीत केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्याच्या कचेऱ्या आल्या. ज्या पक्ष्याच्या भावंडाला जकातवाल्यांनी भांड्यांत गणले, त्या पक्ष्याच्या धन्याच्या घरी शेवटी जकातवालेच राहावयास आले! असा योगायोग कादंबरीकाराने योजला असता तर आम्ही त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते.

सामानाचे काय झाले? १९८० साली मोनॅको येथे सदबी या लिलावगृहाने ते विक्रीस काढले. तोवर युरोपातही या वस्तू विस्मरणात गेल्या होत्या. त्या लिलावाने त्यांना भाव आला, आणि तेव्हापासून माणिकबागेचा शिक्का असलेली खुर्ची म्हणजे संग्राहकांच्या उड्या, असा प्रकार झाला. घराण्याने आपली खाजगी चीजवस्तू विकली यात बेकायदा काही नव्हते, आणि दोष देण्याचा आमचा हेतूही नाही. आम्हांस बोट दाखवावयाचे आहे ते कायद्याच्या फटीकडे. पुराणवस्तू व कलाकृती यांविषयीचा कायदा १९७२ साली संमत झाला व १९७६ पासून अमलात आला. त्याप्रमाणे पुराणवस्तू ठरण्यास सर्वसाधारणपणे शंभर वर्षे व्हावी लागतात. माणिकबागेच्या खुर्च्यांना पन्नासही झाली नव्हती. दुसरी वाट 'कलानिधी' म्हणून केंद्र सरकारने जाहीर करण्याची. पण निर्माता हयात असेतो तशी घोषणा करता येत नाही. रुलमान १९३३ सालीच वारले होते, आयलीन ग्रे १९७६ साली. मुथेसियुस मात्र १९८९ पर्यंत जगले. म्हणजे ज्याने हा वाडा आणि त्यातले बरेचसे सामान कल्पिले, तो जिवंत आहे एवढ्याच कारणाने त्याच्या कृतीला संरक्षण नव्हते. आणि जे वारले होते त्यांचे तरी काय? आजवर जाहीर झालेल्यांत रविवर्मा आहेत, अमृता शेरगिल आहेत, नंदलाल बोस, जामिनी रॉय आहेत. सारे चित्रकार. भिंतीवर टांगलेली ती कला आणि जमिनीवर मांडलेले ते सामान, हा वाटणीच्या दाव्यातला कारकुनी भेद येथेही सुटलेला नाही.

कोणी म्हणेल, या वस्तू मुळात परक्यांनी घडविल्या, परदेशी गेल्या तर आपले काय गेले? आम्हांला हा युक्तिवाद लंगडा वाटतो. काचेचा पाळणा तरी कोठे लष्करात घडला? तो आपला झाला तो वापराने, अष्टमीच्या पाळण्याने, संग्रहालयात तो पाहणाऱ्या डोळ्यांनी. माणिकबागेतल्या लाल खुर्चीच्या पाठीतला दिवा इंदूरच्या उकाड्यात, पडदे ओढलेल्या दालनात लागावयाचा होता. मोनॅकोत ती 'लॉट' झाली, आणि तिचा इंदूरशी संबंध केवळ किंमत वाढविणारी एक ओळ म्हणून उरला. २०१९ च्या सप्टेंबरात पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने या राजाच्या नावे मोठे प्रदर्शन भरविले आणि विखुरलेले पलंग, मेजे, गालिचे, छायाचित्रे काही महिने एका छपराखाली आणली. इंदूरच्या रहिवाशाला आपल्या गावचा हा अध्याय पाहण्यासाठी पॅरिसला जाणे प्राप्त झाले.

पक्ष्यांची हकिकत तेवढी सांगावयाची राहिली. यशवंतरावांच्या मनात त्या तिघांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधावयाचे होते. त्याचा आराखडा ब्रँकुसी मनात घोळवीत होता, आणि १९३७-३८ च्या हिवाळ्यात तो त्यासाठी इंदुरास येऊनही गेला. पण संयोगिताराणी १९३७ सालीच, वयाच्या ऐन विशीत, स्वित्झर्लंडमध्ये वारल्या होत्या, आणि राजाचे मन त्या कामावरून उडाले होते. मंदिराचा पाया कधी खणला गेला नाही. संगमरवरी पक्ष्यांची जोडी १९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहाने विकत घेतली, ती कॅनबेरा येथे आहे. कांस्याचा पक्षी कॅलिफोर्नियात पासाडेना येथे नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे.